पप्पा, तुमची गोळी कुठे जाते?

(वरणगावहून एका वडिलांनी लिहिलंय: ‘मी ऑर्डनन्स फॅक्टरीत, म्हणजे बंदुकीच्या गोळ्यांच्या कारखान्यात, 22 वर्षं आहे. मुलगी बारावी सायन्सला. वर्षभरापासून मोबाइलवर गाझाचे, युक्रेनचे व्हिडिओ बघते आणि रात्र-रात्र चित्रं काढते. नीटचा क्लास सोडला. म्हणते, युद्धावर काम करणारी आर्टिस्ट होईन, नाहीतर डॉक्युमेंटरी करीन. परवा जेवताना तिने विचारलं, “पप्पा, तुमची गोळी कुठे जाते?” मला उत्तर सुचलं नाही. तिच्या तीन चित्रांचे फोटो पाठवतोय. यात पोट भरतं का? आणि पोरीच्या डोक्यावर परिणाम तर होणार नाही ना?’)

भाऊ, नमस्कार.

चित्रांपासून सुरुवात करते, कारण तुम्ही ती पत्राच्या शेवटी, जवळजवळ माफी मागितल्यासारखी पाठवलीत.

पहिल्या दोन चित्रांत पडलेल्या इमारती आहेत, धूर आहे, रक्तासाठी लाल पोस्टर कलर आहे. हात चांगला आहे. पण दोन्ही मोबाइलवरून उचललीत हे लगेच कळतं. चौकट उभी, स्क्रीनच्या मापाची, आणि धूळ सगळीकडे एकसारखी. तिसरं चित्र निळ्या बॉलपेनने वहीच्या रेघांवरच काढलंय. दोरीवर तुमचा कामावरचा शर्ट वाळतोय. खिशाच्या कोपऱ्यात शिवण उसवलीय आणि तिथे तिने पेन इतक्यांदा फिरवलंय की कागद फाटायला आलाय. उजव्या बाहीला बटण नाही. मागे वाऱ्याने चिरलेलं केळीचं एक पान. चित्रात माणूस कुठेच नाही, तरी ते बघताना तिचा जेवणातला प्रश्न मला ऐकू आला. ज्या मुलीने हे काढलं तिला नुसता नाद लागलाय असं म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही.

हिंसा डोळ्यांसमोर घडते, तिचं करायचं काय, या प्रश्नावर जगभरचे मोठे कलावंत आयुष्य घालवतात. चिलीचे आल्फ्रेदो हार 1994 मध्ये रवांडातल्या नरसंहारानंतर तिथे गेले. हजारो फोटो काढून आणले आणि मग ते काळ्या पेट्यांत बंद करून ठेवले. पेटीवर फक्त आतल्या फोटोचं वर्णन. प्रेतांचे फोटो बघून बघून लोकांची नजर मेली आहे, हे त्यांना जाणवलं होतं. तुमच्या लेकीला हे जरूर सांगा. जे दिसलं ते सगळं दाखवलंच पाहिजे, असं नसतं.

आता तुमच्यासाठी एक. तुम्ही धातूतले माणूस, तुम्हाला ते माझ्यापेक्षा चांगलं कळेल. कोलंबियात सरकार आणि फार्क बंडखोर यांच्यात 2016 साली शांतता करार झाला. बंडखोरांनी खाली ठेवलेल्या शस्त्रांपैकी 37 टन शस्त्रं वितळवून दोरिस साल्सेदो या शिल्पकर्तीने 2018 मध्ये बोगोता शहरात एक जमीन तयार केली. हो, जमीनच, 1296 फरशांची. पुतळा नको, खांब नको, युद्धाचं उंच काही उभंच करायचं नाही, असा तिचा हट्ट होता. या युद्धात ज्या बायकांवर बलात्कार झाले, त्यांना तिने बोलावलं. त्यांनी हातोड्याने धातूचे पत्रे ठोकले. ठोकताना उठलेल्या खळग्यांवरून साचे घेतले, आणि त्या साच्यांत वितळलेल्या बंदुकांचा रस ओतला. आज लोक त्या फरशांवरून चालतात. साचा, भट्टी, ओतकाम, सगळं तुमच्या ओळखीचं. हे काम तिला तुम्ही समजावून सांगा, मी नाही.

आपल्याकडेही हे काम झालंय. सोमनाथ होर यांनी 1943 चा बंगालचा दुष्काळ डोळ्यांनी पाहिला, रेखाटला. पुढे 1970 च्या दशकात त्यांनी ‘जखमा’ ही मालिका केली, ती शाईशिवाय. माती-मेणाच्या थरावर सुरीने, तापलेल्या सळईने घाव घालायचे, त्यावरून सिमेंटचा साचा घ्यायचा आणि त्यात कागदाचा लगदा दाबायचा. पांढऱ्यावर पांढरा व्रण उमटतो. नलिनी मलानी मूळच्या कराचीच्या, जन्म 1946 चा, फाळणीत कुटुंब इकडे आलं. 1998 मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्यावर त्यांनी मंटोंच्या ‘टोबा टेक सिंग’ या फाळणीवरच्या कथेवरून व्हिडिओची मांडणी केली. पत्र्याच्या ट्रंकांत टीव्हीचे पडदे, आणि समोरासमोरच्या भिंतींवर दोन बायका एकच साडी घडी घालायचा प्रयत्न करतात. घडी काही जमत नाही. आपल्या प्रत्येकाच्या घरात अशी ट्रंक असते, म्हणून ते आत जाऊन लागतं.

सिनेमाचं थोडक्यात सांगते. वाद अल-कतीब सीरियातल्या अलेप्पोत अर्थशास्त्र शिकत होती. शहर पेटल्यावर तिने कॅमेरा हातात घेतला आणि पाच वर्षांच्या चित्रणातून आपल्या तान्ह्या मुलीला उद्देशून ‘फॉर समा’ (2019) केला. इस्रायलचे आरी फोलमन 1982 च्या लेबनॉन युद्धात सैनिक होते. आपल्याला त्यातलं नीट काही आठवतच नाही, इथून सुरू होणारी डॉक्युमेंटरी त्यांनी 2008 मध्ये ॲनिमेशनमध्ये केली. युक्रेनच्या मस्तीस्लाव चेर्नोव यांना मारियुपोलच्या वेढ्यावरच्या फिल्मसाठी 2024 मध्ये ऑस्कर मिळालं, तर मंचावर ते म्हणाले की ही फिल्म करायची वेळ माझ्यावर यायलाच नको होती. या तिघांनी या फिल्मसाठी युद्ध ‘विषय’ म्हणून शोधलेलं नव्हतं. ते त्यांच्या दाराशी आलं होतं.

तुमच्या मुलीच्या दाराशी काय आहे? गाझा नाही. फॅक्टरीचा भोंगा आहे, तुमचा शर्ट आहे. म्हणून मला तिसरं चित्र मोलाचं वाटतं.

आता पोटाचं. चित्रं विकून घर चालेल, असं मी कुणाला सांगत नाही, तुम्हालाही सांगणार नाही. डॉक्युमेंटरीत तर पैसा कमी आणि त्रास जास्त. आनंद पटवर्धन यांच्या अणुचाचण्यांवरच्या ‘जंग और अमन’ (2002) या फिल्मला सेन्सॉरने भरपूर कट सुचवले होते. हायकोर्टात जाऊन ती 2003 मध्ये विनाकट सुटली. पण कला शिकलेली मुलं उपाशी राहतात, हेही खरं नाही. माझ्याकडे चित्रकला शिकून गेलेली मुलं आज फिल्मचं संकलन करतात, पुस्तकांची चित्रं काढतात, ॲनिमेशनमध्ये आहेत, शाळेत कलाशिक्षक आहेत. त्यातून घर चालतं, आणि स्वतःचं काम रात्री, सुट्टीत. पहिली दहा वर्षं असंच जाईल, हे धरून चाला.

बारावी मात्र पूर्ण करू द्या, आणि नीटचा विषय आता घरात काढू नका. फाइन आर्टच्या चार वर्षांच्या पदवीला बारावी कुठल्याही शाखेची चालते. राज्यातल्या सरकारी कला महाविद्यालयांसाठी कलेची वेगळी सीईटी असते, त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र येतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या शाळेतल्या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या मुलांना यातलं बरंचसं ओळखीचं असतं. आपल्याला जवळचं छत्रपती संभाजीनगर. मुंबईचं जे.जे. आता अभिमत विद्यापीठ झालंय, तिथली प्रवेशाची रीत त्यांच्या संकेतस्थळावर बघा. पण माझं मन बडोद्याच्या एम.एस. विद्यापीठाकडे ओढतं, आणि मुद्राचित्रणाकडे, म्हणजे प्रिंटमेकिंगकडे. जी मुलगी बॉलपेनने कागद फाटेस्तोवर दाबते, तिच्या हाताला तांब्याचा पत्रा आणि लाकूड हवंय. भुसावळहून सुरत, सुरतहून बडोदा, सकाळी निघालं की रात्री पोहोचता. शांतिनिकेतन त्याच तोडीचं, होर तिथेच शिकवायचे, पण अठराव्या वर्षी इतकं लांब धाडायला तुमचा जीव होईल का, ते तुम्ही ठरवा. ॲनिमेशनचा ओढा असेल तर अहमदाबादचं एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, त्यांचे अर्ज साधारण दिवाळीच्या आसपास निघतात. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेत दिग्दर्शन, छायाचित्रणासाठी पदवी लागतेच, तेव्हा आधी चित्रकला, मग सिनेमा हा क्रम मला नैसर्गिक वाटतो. सहा महिन्यांत दिग्दर्शक करतो म्हणून लाखांत फी मागणाऱ्यांच्या दारात उभे राहू नका.

डोक्यावर परिणामाची तुमची भीती खोटी नाही. बातमीच्या कामासाठी रोज असले व्हिडिओ तपासणारी माणसं काही पथ्यं पाळतात: आवाज बंद, स्क्रीनवरची व्हिडिओची खिडकी लहान, एकच क्लिप पुन्हा पुन्हा नाही, झोपण्याआधी तर अजिबात नाही. हे आजपासून घरात लागू करा. ती जेवत नसेल, झोपत नसेल, दचकून उठत असेल, तर जळगावला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. ताप आल्यावर नेता तसंच.

राहिला तिचा प्रश्न. आपल्या खानदेशात तो नवा नाही. मी नंदुरबारची. 9 सप्टेंबर 1942 ला तिथे पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गेले. शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता. त्याच्या स्मारकासमोरून शाळेत जाताना, ती गोळी कुणी बनवली असेल, असं मला कधीच सुचलं नाही. तुमच्या मुलीला सुचलं. ती तुम्हाला आरोपी करत नाहीये, भाऊ. तिला तुमच्याकडून ऐकायचंय. फॅक्टरीच्या आतलं काही सांगू नका, फोटो तर नाहीच, ते नियम तुम्हाला ठाऊक आहेत. पण सीमेवरच्या जवानाबद्दल तुम्हाला काय वाटतं, पहिल्या पगाराच्या दिवशी काय वाटलं होतं, कधी झोप लागली नाही का, हे सांगता येईल. तिने टेबलावर रेकॉर्डर ठेवला तर ठेवू द्या. हीच तिची पहिली डॉक्युमेंटरी.

एखाद्या रविवारी तिला चाळीसगावला न्या, केकी मूस यांचं कलादालन दाखवा. स्टेशनजवळच्या त्या घरातून अनेक दशकं जवळजवळ बाहेर न पडता त्यांनी टेबलावरच्या वस्तूंमधून अख्खं जग उभं करून त्याचे फोटो काढले. जवळच्या वस्तूकडे किती वेळ बघता येतं, ते तिला तिथे दिसेल.

मग तिला महिनाभराचं काम द्या. तीस चित्रं, सगळी घरातली आणि फॅक्टरीच्या गेटबाहेरची, लाल रंग न वापरता. त्यातली दहा मला पाठवा, त्यावरून पोर्टफोलिओचं बोलू. आणि तो खिसा अजून शिवला नसेल, तर थोडे दिवस तसाच असू द्या. शर्ट तिला परत काढावा लागेल, या वेळी मोठ्या कागदावर.