सकाळची शाळा अन् पोटभर नाष्टा

प्रश्न: ताई, आम्ही लातूरला राहतो. दोन्ही लेकरांची व्हॅन पावणेसातला येते, मला पण ड्युटीला जायचं असतं, म्हणून नुसतं दूध-बिस्किट देऊन पाठवते पण जीव लागत नाही. आदल्या रात्री करून ठेवता येईल असं पोटभरीचं काही सांगा ना.

उत्तर: अगं, आपल्या मराठवाड्यात धपाटे असताना बिस्किटं कशाला! दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, अर्धी वाटी कणीक, त्यात लसूण-मिरची-जिरं वाटून, हळद, तीळ, मीठ, भरपूर कोथिंबीर टाक अन् पाण्याऐवजी दह्यात मळ, दह्यानं धपाटा दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. ओल्या फडक्यावर थापायचा, मधे बोटानं भोकं पाडायची, फडक्यासकट उचलून तव्यावर उलटा टाकायचा अन् फडकं हळूच सोडवायचं, मग कडेनं अन् भोकात तेल सोडून दोन्हीकडून खरपूस भाजायचा. ठेवायचे असतील तर कांदा अजिबात घालू नकोस, पाणी सुटतं अन् उन्हाळ्यात लगेच आंबतात. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भर, गरम भरले की वाफ धरून चिकट होतात. सकाळी तव्यावर नुसते शेकायचे, सोबत दही नाहीतर शेंगदाण्याची चटणी, बास.

रोज तेच नको म्हणाले तर सुशीला, म्हणजे मुरमुऱ्यांचा उपम्यासारखा नाष्टा कर. कांदा-मिरची रात्रीच चिरून फ्रिजमधे ठेव, सकाळी मुरमुरे भिजवून लगेच पिळायचे, फोडणीत शेंगदाणे टाकायचे, वरून डाळव्याचं (भाजक्या हरभरा डाळीचं) कूट, दहा मिनिटांत होतं.