कळपाची खुशाली लांबून कशी ओळखतात?

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात सासण-गीरला दोन दिवसांत आम्हाला दोनच सिंह दिसले, दोन्ही नर, जवळपास एकही सिंहीण नव्हती. याला कळप म्हणायचे का? शिवाय २०२५ च्या गणनेत ८९१ सिंह भरल्याचे वाचले. एकच सिंह दोनदा मोजला गेला नाही आणि मोजलेले सिंह धडधाकट आहेत, हे कसे ठरवतात?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण पाहिलेली ती बहुधा नरांची जोडी होती. आफ्रिकेत नर सिंहिणींच्या कळपासोबत पुष्कळ काळ राहतात. गीरमध्ये मात्र दोन-तीन नर मिळून आपला मुलूख राखतात, सिंहिणी छाव्यांसह वेगळ्या राहतात आणि समागमाच्या काळात किंवा मोठी शिकार पडली असतानाच दोन्हीकडची मंडळी एकत्र येतात. चितळासारख्या मध्यम आकाराच्या भक्ष्यावर सगळ्यांचे पोट भरत नाही, हे याचे एक कारण मानले जाते.

मोजणीसाठी प्रदेशाचे लहान भाग पाडून प्रत्येक सिंहाची वेळ, जाण्याची दिशा आणि अंगावरच्या खुणा नोंदवतात व शेजारच्या भागातील नोंदींशी ताडून पाहतात. फाटलेला कान किंवा जुना व्रण उपयोगी पडतोच. पण मिशांच्या मुळाशी असलेल्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येक सिंहाची निराळी असते आणि ती जन्मभर बदलत नाही.

खुशाली ओळखणे याहून अवघड आहे, कारण निरोगी सिंहही दिवसाचे अठरा-वीस तास पडूनच असतो. (जीपमधून ‘हा आजारी दिसतो’ असे उद्गार निघतात, ते बहुतेक वेळा झोपेविषयीच असतात.) रिकामे पोटही एकट्याने काही सांगत नाही, भरपेट खाल्ल्यावर सिंह दोन-तीन दिवस उपाशी राहू शकतो. अनुभवी वनरक्षक आणि माग काढणारे पाहतात ते असे : कळप उठून निघाला तरी एखादी सिंहीण मागेच राहते का, कमरेची हाडे वर आली आहेत का, डोळ्यानाकांतून स्राव वाहतो का, चाल अडखळते का. छाव्यांवर तर विशेष लक्ष असते. ते एकाएकी नाहीसे झाले आणि त्याच सुमारास अनोळखी नर दिसू लागले, तर रोगाआधी नव्या नरांनी मुलूख जिंकल्याची शंका घ्यावी, कारण असे नर आधीच्या नरांचे छावे मारतात. अशा झुंजीत माणसाने पडू नये, असे माझे मत आहे. उघड्या विहिरीत पडलेल्या किंवा रेल्वेखाली जखमी झालेल्या सिंहावर मात्र उपचार झालेच पाहिजेत, कारण ती इजा आपल्यामुळे झालेली असते.

या रोजच्या नोंदींचे मोल २०१८ साली कळले. गीरच्या दलखाणिया वनपरिक्षेत्रात काही आठवड्यांत २३ सिंह मेले आणि तपासणीत श्वानज्वराचा, म्हणजे कॅनाइन डिस्टेंपरचा, विषाणू आढळला. याच रोगाने १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीतील सुमारे एक तृतीयांश सिंह नेले होते. तिथे त्याचा संबंध गावकुत्र्यांशी जोडला गेला. गीरचे सिंहही आज गावे, शेते आणि गुरांच्या वाटांमधून हिंडतात, म्हणून ८९१ या आकड्याचा आनंद मला जपूनच होतो : आशियाई सिंहांची जंगलातील सगळी संख्या एकट्या सौराष्ट्रात आहे. काही सिंह मध्य प्रदेशातील कुनोला हलवावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला होता. २०२२ मध्ये कुनोत आले ते चित्ते.