स्पॅनिश भाषेत पाटपाण्याच्या लोककथा आहेत का?

हो, आहेत. आणि त्यातल्या चांगल्या कथा पाण्यापेक्षा शेजाऱ्यांबद्दल जास्त बोलतात. तुम्ही डोंगराळ खोऱ्यांतल्या, गावाने मिळून चालवलेल्या पाटांबद्दल विचारलंय, म्हणून न्यू मेक्सिकोपासून सुरुवात करते. अमेरिकेच्या या राज्यात स्पॅनिश बोलणाऱ्या गावांचे पाट अजून वाहतात. त्यांना असेकिया म्हणतात. स्पॅनिश वसाहतवाल्यांनी इथला आपला पहिला पाट १५९८ मध्ये खणायला घेतला. इथले मूळ रहिवासी असलेले पुएब्लो लोक त्याआधीपासून शेताला पाणी देत होते, हे सांगणारे मात्र कमीच भेटतात.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट सान इसिद्रोची. हा बाराव्या शतकातला माद्रिदचा शेतमजूर. तो प्रार्थनेत रमला की देवदूत त्याचा नांगर धरायचे, अशी स्पेनमधली कथा आहे. १२ मार्च १६२२ ला तो संत जाहीर झाला, त्याच समारंभात आपल्या गोव्याचे फ्रान्सिस झेवियरही. १५ मेला न्यू मेक्सिकोतल्या गावांत त्याची लाकडी मूर्ती शेतांतून, पाटाच्या कडेने मिरवतात.

तर गोष्ट अशी. सणाचा दिवस, पण इसिद्रोची पेरणी खोळंबलेली. तो बैल जुंपतो. देव बजावतो, “आज काम केलंस तर गारा पाडीन.” इसिद्रो म्हणतो, “पाड.” “टोळधाड पाठवीन.” “पाठव, बघून घेईन.” मग देव म्हणतो, “बरं, वाईट शेजारी देईन.” इसिद्रो तिथल्या तिथे बैल सोडतो. “नको देवा, तेवढं नको. आज सुट्टी!”

ज्याने रात्री दारं धरलंय, म्हणजे आपल्या पाळीचं पाणी शेतात वळवत जागलाय, त्याला यातला विनोद समजावून सांगावा लागणार नाही. गारा वर्षातून एकदा पडतील, पण वरच्या अंगाचा शेजारी दर पाळीला तिथेच असतो. असेकियाचा सगळा कारभारच या भीतीभोवती बांधलाय. हिस्सेकऱ्यांना ‘पार्सियान्ते’ म्हणतात. वसंतात पाणी सोडण्याआधी सगळ्यांनी येऊन, किंवा आपला माणूस पाठवून, पाटातला गाळ उपसायचा. मग ‘मायोर्दोमो’, म्हणजे हिस्सेकऱ्यांनी निवडलेला पाटकरी, पाळ्या लावतो. बर्फ कमी पडलं तर तुटवडाही वाटून घ्यायचा. अशा वर्षी सगळ्यात जास्त शिव्या त्यालाच पडत असणार, यात मला शंका नाही.

ला योरोनाची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच: पोरं बुडवून मारलेली बाई रात्री पाण्याकाठी रडत फिरते. मेक्सिकोपासून सगळीकडे हीच गोष्ट आहे. न्यू मेक्सिकोत ती पाटाच्या बांधावर येते, आणि संध्याकाळनंतर पोरांनी पाटाकडे फिरकू नये ही आयांची सोय होते. बर्फ वितळून आलेलं पाणी ओढ घेणारं असतं, त्यामुळे भीती अगदीच खोटी नाही.

न्यू मेक्सिकोतल्याच मोरा खोऱ्यात मात्र दंतकथा वाटावी अशी खरी गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या लोकांनी हाताने पाट खणून डोंगरधारेपलीकडचं, म्हणजे रिओ ग्रान्दे नदीच्या पाणलोटातलं पाणी आपल्या खोऱ्यात वळवलं. काही ठिकाणी पाणी चढावर चाललंय असा भास होतो. अर्थात पाण्याला उतार आहेच, फसतो तो आपला डोळा. पलीकडच्या खोऱ्यातल्यांना हे पाणी अजून खुपतं, म्हणजे पुन्हा शेजारीच.

स्पेनमधलीही एक सांगते. ग्रानादाजवळच्या आल्पुहारा डोंगरात बर्फाचं पाणी पाटांनी नेऊन उतारावर मुरवतात, ते पुढे खालच्या झऱ्यांतून निघतं. मुसलमानी राजवटीपासूनची ही रीत. १५६८ मध्ये मोरिस्कोंनी, म्हणजे ख्रिस्ती करून घेतलेल्या मुसलमानांनी, बंड केलं आणि त्यानंतर त्यांना तिथून हुसकलं. आख्यायिका अशी की नव्या वसाहतवाल्यांना पाणी फिरवायला शिकवावं म्हणून गावागावात दोन मोरिस्को कुटुंबं मागे ठेवली. मला हे केवळ रचलेलं वाटत नाही. पुढे १६०९ मध्ये स्पेनमधल्याच व्हॅलेन्सियातून मोरिस्कोंना हाकलण्याचा हुकूम निघाला, त्यात शंभरातली सहा घरं राहू द्यावीत असं लिहिलं होतं. कारण दिलं होतं घरं, उसाचे कारखाने, भातपीक आणि पाट सांभाळण्याचं, आणि नव्याने येणाऱ्यांना ते शिकवण्याचं.