‘साधारणतः’ या एका शब्दाचा भार

प्रश्न : मुलीकडे ग्लासगोला दोन महिने राहून आलो. तेथे डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली की औषधे फुकट मिळतात. तिच्या इंग्लंडमधील मैत्रिणीला मात्र चिठ्ठीवरील प्रत्येक औषधामागे जवळपास दहा पौंड मोजावे लागतात. देश एक, पंतप्रधान एक, मग हा फरक कसा? ब्रिटनला लिखित राज्यघटना नाही, असे आम्ही शाळेत शिकलो. मग स्कॉटलंडला हे अधिकार दिले कोणी आणि उद्या लंडनच्या मनात आले तर ते काढून घेता येतील का? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : आपण विचारलेला शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, त्यामुळे त्याच्याकडे थोडे वळण घेऊन जाऊ.

ब्रिटनची राज्यघटना ‘अलिखित’ आहे, ही आपल्या पाठ्यपुस्तकांतली समजूत अर्धीच खरी आहे. तिचा बराचसा भाग लिहिलेला आहे, पण तो एका ग्रंथात बांधलेला नाही. 1689 चा हक्कांचा कायदा, राजगादीचा वारसा ठरवणारा 1701 चा कायदा, इंग्लंड व स्कॉटलंड यांना एकत्र आणणारे 1707 चे कायदे, हे सारे संसदेने वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या गरजेपोटी केलेले कायदे आहेत. राज्यकारभाराचा उरलेला भाग संकेतांवर चालतो. संसदेने संमत केलेल्या विधेयकाला राजाने संमती द्यावीच, असे कोठेही लिहिलेले नाही. परंतु 1708 मध्ये राणी ॲनने स्कॉटलंडच्या लष्करी दलाविषयीचे विधेयक नाकारले, त्यानंतर आजतागायत कोणत्याही राजाने वा राणीने तसे केलेले नाही.

संकेत मोडला की काय होते, हे 1909 मध्ये दिसले. अर्थसंकल्पाच्या वाटेला लॉर्डांच्या, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ, सभागृहाने जायचे नाही, हा जुना संकेत होता. लॉर्डांनी तो मोडून त्या वर्षीचा अर्थसंकल्प फेटाळला, त्यावरून दोन निवडणुका लढल्या गेल्या आणि 1911 च्या कायद्याने लॉर्डांचा नकाराधिकारच काढून घेतला गेला. ब्रिटनची राज्यघटना वाढते ती अशी : भांडण होते, तडजोड होते आणि त्या तडजोडीचा कायदा होतो.

तिच्यात सर्व कायदे एका पायरीवर उभे असतात, असे फार काळ मानले जाई. नंतरच्या कायद्याने आधीचा आपोआप मागे पडायचा. ही समजूत बदलण्याला निमित्त झाली ती केळी. संडरलंडच्या एका फळविक्रेत्याने मेट्रिक मापांचा नियम बाजूला ठेवून केळी पौंडाच्या मापाने विकली, त्याच्यावर खटला झाला आणि तो वरच्या न्यायालयात गेला. 2002 च्या निकालात न्यायालयाने म्हटले की काही कायदे ‘घटनात्मक’ दर्जाचे असतात आणि संसदेने स्पष्ट शब्दांत रद्द केल्याखेरीज ते रद्द झाले असे मानता येत नाही. त्या कायद्यांत न्यायालयाने, स्कॉटलंडला स्वतःची संसद देणाऱ्या 1998 च्या स्कॉटलंड कायद्याचाही उल्लेख केला. तराजूवरच्या केळ्यांतून घटनेचा एवढा मोठा सिद्धान्त निघावा, हे मला आजही विलक्षण वाटते.

मुलीच्या फुकट औषधांचे मूळ याच 1998 च्या कायद्यात आहे. 1707 च्या एकत्रीकरणानंतरही स्कॉटलंडची न्यायव्यवस्था, चर्च आणि शिक्षण वेगळेच राहिले होते. नव्हती ती फक्त स्वतःची संसद. 1979 च्या सार्वमतात 51.6 टक्के मतदारांनी तिच्या बाजूने कौल दिला, पण एकूण नोंदलेल्या मतदारांपैकी 40 टक्क्यांचा होकार हवा, अशी अट घातलेली होती आणि प्रत्यक्षात तो 32.9 टक्केच भरला. 11 सप्टेंबर 1997 रोजी मात्र 74.3 टक्के लोकांनी होकार दिला. आठवडाभराने वेल्सनेही होकार दिला, तो केवळ 6,721 मतांच्या फरकाने. उत्तर आयर्लंडची विधानसभा याच काळात, तेथील हिंसाचार थांबवण्यासाठी झालेल्या एप्रिल 1998 च्या गुड फ्रायडे करारातून उभी राहिली. आरोग्य हा विषय या तिघांकडे गेला. वेल्सने 2007 मध्ये, उत्तर आयर्लंडने 2010 मध्ये आणि स्कॉटलंडने 2011 मध्ये चिठ्ठीवरील औषधांचे शुल्क रद्द केले. इंग्लंडचे आरोग्य लंडनच्या सरकारकडेच राहिले आणि तेथे शुल्कही राहिले.

आता हे अधिकार काढून घेता येतील का? कायद्याच्या अक्षराने पाहिले तर होय. स्कॉटलंडसाठी कायदे करण्याचा वेस्टमिन्स्टरचा, म्हणजे लंडनमधील संसदेचा, अधिकार अबाधित आहे, हे 1998 च्या कायद्यातच नमूद आहे. असे पूर्वी घडलेलेही आहे : उत्तर आयर्लंडचे 1921 पासूनचे विधिमंडळ 1972 मध्ये, हिंसाचार शिगेला पोहोचला असताना, लंडनने स्थगित केले आणि पुढच्या वर्षी बरखास्तही केले. आपल्याकडे राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील केंद्र व राज्यांमधील विषयवाटणी बदलायची तर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. तसे कुलूप ब्रिटनमध्ये नाही. (राज्यांच्या सीमांना मात्र आपल्याकडेही असे कुलूप नाही, 1960 मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात झाले ते संसदेच्या साध्या कायद्याने.)

कुलपाच्या जागी तेथे एक संकेत आहे. स्कॉटलंडकडे दिलेल्या विषयांवर त्याच्या संसदेच्या संमतीवाचून वेस्टमिन्स्टर साधारणतः कायदा करणार नाही, असे 1998 मध्ये मंत्री लॉर्ड सूएल यांनी सभागृहात सांगितले आणि हा संकेत त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. 2016 मध्ये तो कायद्यात लिहिला गेला, ‘साधारणतः’ या शब्दासकट. त्याच कायद्याने हेही सांगितले की स्कॉटलंडची संसद कायमस्वरूपी आहे आणि तेथील जनतेच्या सार्वमताखेरीज ती बरखास्त होणार नाही. परंतु 2017 मध्ये, युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कायद्यात उतरला तरी तो संकेतच राहतो. न्यायाधीश राजकीय संकेतांचे जनकही नाहीत आणि रक्षकही नाहीत, ते केवळ निरीक्षक आहेत. 2018 आणि 2020 मध्ये, ब्रेक्झिटसंबंधीच्या, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याविषयीच्या, कायद्यांना एडिंबरा येथील स्कॉटलंडच्या संसदेने संमती नाकारली असतानाही वेस्टमिन्स्टरने ते केलेच.

माझ्या मते आपल्या प्रश्नाचा गाभा येथे आहे. ‘साधारणतः’ म्हणजे किती वेळा, हे ठरवायचा अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याच्या संयमावर हा सारा डोलारा उभा असतो. स्कॉटलंडची संसद उद्या कोणी सहज बरखास्त करील, असे मला वाटत नाही, कारण 74 टक्के लोकांचा कौल मोडण्याची राजकीय किंमत फार मोठी आहे. भीती आहे ती थोड्याथोड्याने होणाऱ्या झिजेची, आणि संमतीवाचून केलेल्या प्रत्येक कायद्याने ती झीज वाढते.

प्रश्न : मग इंग्लंडला स्वतःची विधानसभा का नाही? (त्याच पत्रातून)

उत्तर : देशाच्या पाचांतील चारांहून अधिक लोक इंग्लंडमध्येच राहतात, त्याची वेगळी संसद झाली तर ती वेस्टमिन्स्टरच्या तोडीस तोड होईल. प्रादेशिक सभेचा प्रयोग ईशान्य इंग्लंडपुढे 2004 मध्ये ठेवला गेला, तेव्हा सुमारे 78 टक्के मतदारांनी तो नाकारला. स्कॉटलंडच्या खासदारांनी केवळ इंग्लंडला लागू होणाऱ्या विषयांवर मत का द्यावे, हा प्रश्न स्कॉटलंडचेच खासदार टॅम डॅलियल यांनी 1977 मध्येच विचारला होता. त्यावर तोडगा म्हणून 2015 मध्ये अशा विधेयकांसाठी इंग्लंडच्या खासदारांच्या वेगळ्या संमतीची पद्धत सुरू झाली, पण 2021 मध्ये ती रद्द करण्यात आली आणि डॅलियल यांचा प्रश्न पुन्हा होता तेथेच आला.