गिगाहर्ट्झ : वेग, चाल की वारंवारता?

‘३.२ गिगाहर्ट्झ स्पीडचा प्रोसेसर’ हे मराठीत लिहिताना ‘स्पीड’साठी वेग, गती आणि चाल यांपैकी कोणता शब्द घ्यावा, अशी विचारणा झाली आहे. माझ्या मते तिन्हींपैकी एकही नेमका नाही, आणि दोष मराठीचा नसून मूळच्या ‘स्पीड’चाच आहे.

शालेय विज्ञानात स्पीड म्हणजे चाल, व्हेलॉसिटी म्हणजे वेग आणि मोशन म्हणजे गती अशी वाटणी झालेली आहे. बोलताना ती कोणी पाळत नाही, हे वेगळे. (शिवाय ‘संगणकाची चाल’ म्हटले की ऐकणाऱ्याला कारस्थानाचा वास येतो.) परंतु हर्ट्झ हे यांपैकी कशाचेच एकक नाही. तीच ती घटना एका सेकंदात किती वेळा घडते, एवढेच ते सांगते, म्हणून त्याला योग्य शब्द वारंवारता. मराठी विश्वकोशात यासाठी ‘कंप्रता’ आढळतो आणि तो अगदीच गैरलागू नाही, कारण संगणकाला ठोके पुरवणारा क्वार्ट्झचा स्फटिक खरोखरच कंप पावतो. मात्र त्याची कंपने सेकंदाला काही कोटीच असतात आणि प्रोसेसरपर्यंत पोहोचेतो त्यांची संख्या विद्युत मंडलाद्वारे कित्येक पटींनी वाढवलेली असते.

३.२ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३२० कोटी ठोके. लागोपाठच्या दोन ठोक्यांमध्ये प्रकाशसुद्धा जेमतेम ९.४ सेंटिमीटर पुढे जातो. मात्र एका ठोक्यात किती काम उरकते, हे या आकड्यावरून कळत नाही. तबलावादक लय तीच ठेवून दुगुन धरतो, तेव्हा मात्रा तेवढ्याच अंतराने पडतात, पण प्रत्येक मात्रेत बोल दुप्पट बसतात. गिगाहर्ट्झवरून लय कळते, बोल कळत नाहीत. इंटेलच्या पेंटियम ४ या प्रोसेसरची लय द्रुत होती, पण एका ठोक्यात त्याचे काम कमी होई. म्हणून २००१ साली एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीने एका ठोक्यात जास्त काम करणाऱ्या, १.५३ गिगाहर्ट्झच्या आपल्या प्रोसेसरला ‘ॲथलॉन एक्सपी १८००+’ असे नाव दिले. त्यातले १८०० ग्राहकाला मेगाहर्ट्झ (म्हणजे १.८ गिगाहर्ट्झ) वाटले, तर कंपनीची काही हरकत नसावी.

खरा वेग मोजायचा, तर ठरलेले काम वेगवेगळ्या प्रोसेसरांना देऊन लागलेला वेळ पाहावा लागतो. १९८८ साली स्थापन झालेल्या ‘स्पेक’ या संस्थेच्या चाचण्या याच पद्धतीच्या आहेत. तिथे ‘वेग’ हा शब्द खुशाल वापरावा.

आणखी एक बारकावा असा, की आजचे प्रोसेसर कामाच्या भाराप्रमाणे आणि तापमानाप्रमाणे ठोके कमी-जास्त करतात, त्यामुळे वेष्टनावरचा आकडा पायाभूत आहे की कमाल, हेही लिहायला हवे. तो कमाल असल्यास मी ‘३.२ गिगाहर्ट्झ कमाल वारंवारतेचा प्रोसेसर’ असे लिहीन.