एक मिलिमीटरची खाच पाडायची कशी?

प्रश्न : मी जुन्या वाड्याची सागवानी लाकडातील छोटी प्रतिकृती करीत आहे. खिडक्यांच्या चौकटींना एक मिलिमीटर रुंदीची खाच हवी आहे, परंतु येथील हार्डवेअरच्या दुकानांत राउटरची, म्हणजे लाकडात खाचा पाडणाऱ्या यंत्राची, पाव इंची दांड्याचीच बिटे (कापणारी पाती) मिळतात. बारीक बिटे कोठे शोधावीत? – एक वाचक, खानापूर

उत्तर : सुतारकामाच्या दुकानांत ती सहसा मिळणार नाहीत. बेळगावच्या उद्यमबागेत यंत्रकामाची कारखानदारी असल्याने कटिंग टूल्सच्या विक्रेत्यांकडे ‘एक मिलिमीटरचे कार्बाइड एंड मिल’, म्हणजे टोकाने व कडेने कापणारे बारीक बिट, मागून पाहावे. इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पट्ट्या (पीसीबी) कापण्याची बिटेही चालतात. त्यांचा दांडा बहुधा ३.१७५ मिलिमीटर, म्हणजे अष्टमांश इंच असतो. सोनारांच्या हत्यारांच्या दुकानांतील २.३५ मिलिमीटर दांड्याचे ‘बर’, म्हणजे कोरण्याची छोटी बिटे, वळणदार नक्षीसाठी उत्तम, मात्र सरळ खाचेसाठी मी ते सुचवणार नाही.

खरेदीपूर्वी आपल्या यंत्राचा कॉलेट, म्हणजे बिटाचा दांडा पकडणारा भाग, तपासावा. सहा मिलिमीटरचा दांडा पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरच्या कॉलेटमध्ये आवळून भागवण्याचा मोह धोक्याचा आहे, कारण पकड सैल राहून बिट निसटू शकते. मोठ्या राउटरसाठी अष्टमांश इंची रिड्यूसर (मोठ्या कॉलेटमध्ये बारीक दांडा बसवणारी नळी) मिळतो, तरी इतक्या नाजूक कामाला हाती धरायचे छोटे रोटरी यंत्र, तेही स्टँडला बसवून, अधिक सोयीचे.

कार्बाइड कठीण पण ठिसूळ असते. त्यामुळे एका फेरीत अर्ध्या मिलिमीटरहून खोल जाऊ नये, बिट बाजूला रेटू नये आणि खाचेतील भुसा वरचेवर काढावा. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच, कारण तुटलेला तुकडा कोणीकडे उडेल याचा नेम नसतो.