१८९३च्या शिकागो जागतिक प्रदर्शनाला आलेल्या २०० पाहुण्यांना अमेरिकन खुनी एच. एच. होम्सने आपल्या हॉटेलात मारलं, हे खरं आहे का?

नाही, २०० हा आकडा दंतकथा आहे. तो विसाव्या शतकातल्या सनसनाटी लेखनातून रुजला. अटकेनंतर होम्सने स्वतः २७ खून कबूल केले, पण त्यातली काही माणसं चक्क जिवंत निघाली; अभ्यासक साधारण नऊ बळी धरतात. हे बहुतेक त्याच्या ओळखीतले होते: हाताखाली काम करणाऱ्या बायका, प्रेयसी, एक भागीदार आणि त्या भागीदाराची तीन मुलं. शिकागोच्या एंगलवूड भागातल्या ६३व्या रस्त्यावरच्या होम्सच्या त्या इमारतीचा वरचा मजला हॉटेल म्हणून कधी नीट चाललाच नाही. तिथल्या चोरखोल्यांचा एक पक्का उपयोग माहीत आहे: उधारीवर आणलेलं फर्निचर सावकारांपासून लपवणं. होम्स मुळात विम्याचे पैसे लाटणारा भामटा होता. ऑगस्ट १८९३मध्ये, प्रदर्शन चालू असतानाच, इमारतीला आग लागली आणि त्याने विम्याचा दावा ठोकला. मे १८९६मध्ये फिलाडेल्फियात त्याला फाशी झाली ती बेंजामिन पिटझेल या एकाच भागीदाराच्या खुनासाठी.

मात्र प्रदर्शनाशी काहीच संबंध नव्हता, असंही नाही. नॅनी विल्यम्स १८९३च्या उन्हाळ्यात, प्रदर्शन चालू असताना, टेक्सासहून शिकागोला बहिणीकडे आली; ही बहीण, मिनी, होम्सकडे काम करत होती, आणि जुलैनंतर दोघी बहिणी कुणालाच दिसल्या नाहीत.